त्याला 'येते' म्हणाले होते

शुद्धलेखनाच्या चुका खूप असतील, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली आणि ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही मला नीट कळलं नव्हतं. अक्षरही वाईट आहे. माझ्या चपात्या गोल होतात, अक्षर काही गोल होत नाही. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, मग माफी कुणाची मागते तेही माहीत नाही. पण माझं बोलतानाही असंच असतं. आधी माफी, मग काम.

मी लोकांच्या घरी चपात्या करते. गिरगावात एका काकांकडे सकाळी जायची. ते चपातीला पोळी म्हणायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात. घरात काका आणि त्यांचा पोपट. हा पोपट हिरवा नाही. आफ्रिकेतला, राखाडी. छातीवर माशाच्या खवल्यांसारखी पिसं, डोळे फिके पिवळे आणि शेपटी लालभडक. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, कबुतरच शेपूट कुंकवात बुडवून आलंय. काकांनी त्याला एक नाव ठेवलं होतं. ते मी इथे लिहीत नाही, कुणाचंच लिहीत नाही.

काका कमी बोलायचे आणि मी तर बोलतच नाही. त्यामुळे त्या घरात बोलायचं काम पोपटाकडे होतं. काका पेपर वाचायचे, मी लाटायची आणि तो दोघांच्या वतीने बोलायचा. काकांसारखा शिंकायचा. पोळपाटावर माझ्या बांगड्या वाजतात तो आवाज तर असा काढायचा की मी हात धुवायला गेले तरी काकांना वाटायचं अजून लाटतेय. चपातीची कड त्याची. मऊ नको, जरा कडक लागायची.

काम झालं की पदराला हात पुसून मी म्हणायची, "येते हं." काका पेपराच्या मागून म्हणायचे, "या." काही वर्षांनी काकांच्या आधी तोच म्हणायला लागला, काकांच्याच आवाजात. "या." मला घरी सगळे अगंतुगं करतात, कामाच्या घरी मावशी म्हणून हाक मारतात. निघताना मला मानाने 'या' म्हणणारे दोघेच होते, त्यातला एक पिंजऱ्यात.

'जाते' म्हणायचं नसतं हे माझ्या अंगात मुरलंय. लहानपणी एकदा शाळेत निघताना घाईत 'जाते' म्हणाले, तर आईने उंबऱ्यावरून परत आत घेतलं, पाटावर बसवलं, पाणी पाजलं आणि 'येते' म्हणायला लावून मग सोडलं. शाळेला उशीर झाला म्हणून तिथे मार खाल्ला तो वेगळाच.

काकांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा मी तिथेच होते. खुर्चीत बसवून दोघांनी त्यांना उचललं. दारात काकांनी मान वळवली आणि म्हणाले, "येतो रे." पोपट म्हणाला, "या."

काका आले नाहीत. मुलगी आली, सगळं आवरायला लागली. तेवढे दिवस मी रोज जात होते, पोपटाला खायला घालायला. लिफ्टचं दार वाजलं की तो दांडीवर सरळ व्हायचा आणि म्हणायचा, "या." दूधवाला असो, कुरियर असो. दार उघडलं नाही की थोड्या वेळाने परत, "या." मला ते ऐकवायचं नाही. मी नळ सोडून भांडी घासत बसायची, घासलेली परत.

मुलगी म्हणाली, "मावशी, हा तुमच्याच हातचं खातो. मला तिकडे नेता येणार नाही. तुम्ही घ्याल का?"

मला नाही म्हणता येत नाही हे खरं. पण त्या दिवशी नाही म्हणायचंही नव्हतं.

टॅक्सीत पिंजरा मांडीवर घेऊन चिंचपोकळीला आले. त्याचे सरकारी कागद एका पिशवीत, दाणे दुसऱ्या पिशवीत. आमच्या ह्यांनी दार उघडलं. हे मूळचे मालवणकडचे, घरात तसंच बोलतात. म्हणाले, "काय गो, चपाते करूक गेल्लंस नि पोपट घेवन इलंस?"

पोपट म्हणाला, "या."

हे हसले. तिथेच त्या दोघांचं जमलं.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, पुढे गॅलरी. पोपट आला आणि आठवड्याभरात मजल्याचा झाला. फक्त एक भानगड झाली. तो कुकरच्या शिट्ट्या मारायला शिकला. बाजूच्या वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता शिट्ट्या मोजायच्या, तीन झाल्या की पोराला ओरडायच्या, "गॅस बंद कर रे!" त्यांच्या घरी चार दिवस डाळ कच्ची. त्यांनी कुकरवाल्याकडे जाऊन रिंग बदलून आणली. पाचव्या दिवशी आमच्या दारातच उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ह्याने तिसरी शिट्टी मारली.

"अगं बाई! हा मेला माझी डाळ उतरवतोय!"

मग सगळ्या मजल्याने घड्याळ लावून डाळ शिजवायला सुरुवात केली.

ह्यांचा खोकलाही त्याने उचलला. हे तरुणपणी काही वर्षं मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात होते, नंतर वॉचमन. खोकला तेव्हापासूनचा. पोपट तो इतका हुबेहूब काढायचा, शेवटची ती ओढ, मग "आई गो" सुद्धा, की मी पाण्याचा तांब्या घेऊन धावायची आणि हे खाटेवर शांत बसून हसायचे. "माका नको, तेका दी."

दिवाळीत पोरांनी गॅलरीत फटाक्यांची माळ लावली. पोपट पिंजऱ्यात असा आपटला की पंखातलं नवीन पीस मुळाशी मोडलं. कोवळ्या पिसात रक्त असतं हे मला माहीत नव्हतं. खालचा पेपर लाल झाला. पक्ष्यांचे डॉक्टर शोधले, मग जखम चिघळली, इंजेक्शनं, परत परत जाणं, टॅक्सी. ह्यांची नोकरी तेव्हा सुटलेली. पैसे माझ्या नणंदेकडून घेतले. वन्सं परळला राहतात, ह्यांच्याहून मोठ्या. तीन वेळा मिळून वीस हजार झाले. दर वेळी दिले, दर वेळी बोलल्या.

"माणसाच्या औषधाला तुमच्याकडे पैसे नसतात, पाखराला बरे असतात."

मी मान खाली घालून घेतले. त्यांचंही खरं होतं.

पोपट बरा झाला, पण ह्यांचा दम वाढला. दोन जिने चढून आले की बोलता यायचं नाही. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "घरात कबुतरं येतात का? खिडकीत घरटं वगैरे?" हे म्हणाले, "नाही." ते खरंच होतं, आम्ही जाळी लावली आहे. दुसऱ्या खेपेलाही त्यांनी तेच विचारलं, आम्ही तेच सांगितलं. मी बाजूला उभी होते. विचारलं कबुतराचं, म्हणून पोपट माझ्या मनातही आला नाही.

तिसऱ्या खेपेला हे खोकले आणि खोकून झाल्यावर हसत म्हणाले, "डॉक्टर, माझ्यापेक्षा आमचा पोपट चांगला खोकतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पोपट? घरात पोपट आहे? मला बोलला नाहीत."

"तुम्ही कबुतर विचारलंत."

"कसला पोपट? राखाडी? अंग झाडलं की पांढरी पावडर पडते?"

पडायची. डब्यांवर, टीव्हीवर, ह्यांच्या उशीवर. मी रोज पुसायची आणि समोरच्या टॉवरच्या कामाला शिव्या द्यायची. सगळी चाळच देते. टॉवरची धूळ आहे म्हणून मी खिडकी बंद ठेवत होते, म्हणजे पावडर आतल्या आत.

बाई म्हणाल्या, "मावशी, ती पावडर ह्यांच्या छातीत जातेय. एका खोलीत हे दोघं राहू शकणार नाहीत."

घरी येताना हे म्हणाले, "आधी मिलचो कापूस, आता पोपटाची पिसां. माझ्या छातीची गादी झाली गो." मी हसले नाही. पिंजरा त्याच दिवशी गॅलरीत टांगला, पण खोलीचं दार गॅलरीतच उघडतं. त्याने फारसा फरक पडणार नव्हता.

वन्संच्या कानावर गेलं आणि त्या एका माणसाला घेऊन आल्या. तो पक्षी घ्यायचा-विकायचा. त्याने मोबाईलची बॅटरी पोपटाच्या डोळ्यांत मारली, पिंजऱ्यावर टिचक्या मारल्या. पोपट त्याला म्हणाला, "या."

"अरे वा, बोलतो पण!" माणसाने जो आकडा सांगितला त्यात वन्संचे पैसे फिटून वर उरले असते.

मी म्हणाले, "नाही."

"काय नाही?" वन्संनी विचारलं.

"विकायचा नाही."

"मग माझे पैसे?"

"देईन."

"कधी गं? पोपट पंखातून नोटा झाडेल तेव्हा?"

का विकायचा नाही ते इथे लिहिते. काकांनी तो विकायला ठेवला नव्हता. हा माणूस आज नेणार, उद्या दुसऱ्याला देणार, तो तिसऱ्याला. आणि प्रत्येक नव्या दाराकडे बघत हा 'या' म्हणत बसणार. असे पोपट पन्नास-पन्नास वर्षं जगतात म्हणे.

मग मी आयुष्यात कधी केलं नाही ते केलं. कामाच्या प्रत्येक घरी तोंड उघडून विचारलं, आमच्या पोपटाला कोणी ठेवून घेईल का. आधी चपात्या पुऱ्या करायच्या, हात धुवायचे आणि निघताना भिंतीकडे बघत विचारायचं. दादरच्या एका घरी काकू म्हणाल्या, "आमच्या वरच्या मजल्यावर बँकेतून रिटायर झालेल्या ताई आहेत. त्यांच्याकडे असाच एक आहे की."

ताई स्वतः चाळीत आल्या. पिंजऱ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या, हात लावला नाही, टिचकी मारली नाही. पोपटाने एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या. त्यांनी मला विचारलं तो काय खातो, कशाला घाबरतो, कधी झोपतो. काय बोलतो हे विचारलं नाही. ते मला बरं वाटलं. त्यांच्याकडची मादी होती, म्हातारी, तिने कधी एक शब्द उच्चारला नव्हता. पक्ष्यांना वेगळी खोली होती, खिडक्यांना जाळ्या, समोर बदामाचं झाड. ताई म्हणाल्या, "पैशाचं बोलायचं नाही हं. तुम्ही विकत नाही, मी विकत घेत नाही."

पोहोचवायला मी एकटीच गेले. ह्यांनी पिंजऱ्याला हात लावून "चल रे" एवढंच म्हटलं आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

मी ठरवून गेले होते, निघताना काही बोलायचं नाही. गुपचूप चप्पल घालायची आणि जिना उतरायचा. पण इतक्या वर्षांची सवय. चप्पल पायात सरकवली आणि तोंडातून आपोआप निघालं, "येते हं."

आतून आवाज आला, "या."

जिन्यात मी कठड्याला धरून उभी राहिले. आता काय बोलून बसले हे कळलं होतं.

चार दिवसांनी ताईंचा फोन आला. "तो खात नाही. दाराकडे तोंड करून बसतो. लिफ्ट वाजली की 'या' म्हणतो. छातीवरची पिसं उपटायला लागलाय." व्हिडिओ पाठवला होता. छातीच्या मधोमध गुलाबी कातडी दिसत होती, सोललेल्या कोंबडीसारखी. त्यांनी व्हिडिओ कॉल लावून मला बोलायला सांगितलं. मी हाक मारली तर तो फोनच्या मागे जाऊन बघून आला. मागे कोणी नव्हतं. परत दाराकडे तोंड केलं.

ताईंनी विचारलं, "तुम्ही निघताना त्याला काय म्हणालात?"

"येते म्हणाले."

"मग तो वाट बघतोय."

"दुसरं काय म्हणू, ताई? जाते म्हणू?"

त्यांनी फोन परत पोपटाकडे वळवला.

मला जायचं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पावडर कपड्यांतून, केसांतूनही येते. ह्यांना जरा कुठे बरं वाटत होतं. एक जिना न थांबता चढायला लागले होते. मी तिकडे जाऊन आले आणि ह्यांचा दम परत वाढला तर? आणि नाही गेले तर तो काकांचीही वाट बघतोय, माझीही. काका आले नाहीत त्यात काकांचा दोष नव्हता. माझा झाला असता. दोन दिवस मी पीठ मळताना मीठ टाकायला विसरत होते.

शेवटी ह्यांनीच विचारलं, "काय झालां?" मी सांगितलं.

हे म्हणाले, "तू तेका येतंय म्हणान सांगलंस?"

"हो."

"मगे जा. येतंय म्हटल्यावर जावक नको? इल्यावर आंघोळ कर, काय ता."

एवढं सोपं होतं ते. मी मात्र दोन दिवस अळणी चपात्या लोकांना खायला घातल्या.

दुसऱ्या दिवशी गेले. एक जुनी साडी पिशवीत घेतली, ती ताईंकडेच ठेवायची, तिथे नेसायची आणि तिथेच धुऊन वाळत घालायची. केसांना फडकं बांधलं. लिफ्टचं दार वाजलं तेव्हा आतून "या" ऐकू आलं. मी आत गेले तर त्याने माझ्याकडे पाठ केली.

हाक मारली, वळला नाही. चपातीची कड पुढे केली तर कड सोडून बोटाला चावला, रक्त आलं. मग पाठमोराच ह्यांचा खोकला खोकला, पूर्ण, "आई गो"पर्यंत. मला वाटलं शिव्याच देतोय.

ताई म्हणाल्या, "राहू द्या. तुम्ही स्वयंपाकघरात या, बोटाला हळद लावते." हळद लावून झाल्यावर नुसतं बसणं मला जमेना. परातीत पीठ दिसलं. ताई चपात्या डब्यातून मागवायच्या, पीठ त्या दिवशी धिरड्यांसाठी काढलेलं. मी पाणी घालून मळलं आणि लाटायला घेतलं. बांगड्या वाजल्या. आतल्या खोलीतूनही बांगड्या वाजल्या. मी लाटणं थांबवलं. आत वाजतच राहिल्या.

ताईंनी पिंजऱ्याचं दार उघडंच ठेवलं होतं. तो दांडीवरून उतरला, जमिनीवरून चालत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला, हळूहळू, एखाद्या म्हाताऱ्या कारकुनासारखा. तिथे थांबला. मी कड मोडून लादीवर सरकवली. खाल्ली. दुसरी खाल्ली. ताई ओट्याला टेकून उभ्या होत्या, त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग म्हणाल्या, "मावशी, डब्याच्या चपात्या चामड्यासारख्या असतात. तुम्ही रोज येऊन माझ्याकडे कराल का? बाकीच्या घरी जे घेता तेच देईन."

निघताना दारात उभी राहिले. आता म्हणायला भीती नव्हती. "येते हं," म्हणाले. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. मी रोज म्हणायची, तो रोज गप्प. लिफ्टच्या आवाजाला 'या' म्हणणं त्याने सोडून दिलं. पिसं उपटणं कमी झालं, छातीवर आधी करडी मऊ लव आली, मग खवले. बाजूला ती म्हातारी मादी दांडीवर बसून असायची, तो तिला कुकरच्या शिट्ट्या ऐकवायचा. एके दिवशी, बराच काळ गेला होता, मी "येते हं" म्हणून दार ओढत होते आणि आतून सहज, खाता खाता म्हणावं तसं आलं, "या." दाराकडे बघितलंही नव्हतं त्याने. तोंड मक्याच्या कणसात होतं.

त्या दिवशी दादर ते चिंचपोकळी मी चालत आले. का ते माहीत नाही. चालावंसं वाटलं.

घरी आंघोळ करून ह्यांना सांगितलं. हे आता दोन्ही जिने चढतात, मध्ये एकदा थांबतात, तेही गप्पा मारायला. खोकला अजून येतो पण पहिल्यासारखा नाही, ती शेवटची ओढ गेली. मी म्हणाले, "तुमचा तो जुना खोकला तो अजून तसाच काढतो."

"असां दी तेच्याकडेच," हे म्हणाले.

ताईंच्या घरचे पैसे मी पहिल्या महिन्यापासून वेगळे ठेवले. बाकीच्या घरांचं घरात जायचं, हे घर वन्संचं. दर महिन्याला परळला नेऊन द्यायची. वन्सं घ्यायच्या आणि विचारायच्या, "काय म्हणतोय तुमचा सावकार?" पोपटाला त्या सावकार म्हणतात. पहिल्या वेळी टोमणा होता, पुढे पुढे खरंच विचारायच्या. मध्ये एकदा त्यांनी त्याच्यासाठी डाळिंब दिलं, वर म्हणाल्या, "नासायला आलं होतं म्हणून." नासलेलं नव्हतं.

आज शेवटचे द्यायचे होते. वन्संनी अंगठा ओला करून नोटा मोजल्या, परत उलट्या बाजूने मोजल्या, कपाटात साडीखाली ठेवल्या. मी उभीच होते.

"बस की. उभी काय राहिलीस पाव्हण्यासारखी?" त्या म्हणाल्या. "फिटले सगळे. चहा टाकते."